घरं बारा, वस्तू तेरा

“खड्ड्याला दुर्बीण, आणि मी इथे हातभरावर उभी आहे ती काही दिसत नाही!”

वहिनी हे दुधाच्या पातेल्याला म्हणाल्या. पण भाड्याच्या त्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामध्ये जेमतेम एक फळकूट होतं, त्यामुळे पातेल्याला सांगितलेली प्रत्येक गोष्ट अण्णांना ऐकू जायची. ऐकू आलंच नाही असं दाखवणं हा त्या घरात उरलेला एकमेव खासगीपणा होता. अण्णांनी तो पाळला. दुर्बीण डोळ्यांवरून न काढता ते म्हणाले, “चहा झाला का?”

खड्डा रस्त्यापलीकडे होता. आठ महिन्यांपूर्वी त्या जागी बारा घरांची इमारत होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर अण्णा-वहिनींचं सव्वीस वर्षांचं बिऱ्हाड. आता इमारत पाडून झाली होती, बारा बिऱ्हाडं भाड्याच्या जागांत पांगली होती, आणि नव्या इमारतीचा पाया त्या खड्ड्यात भरला जायचा होता. अगदी समोर जागा मिळाली ती एकट्या अण्णांना. ज्याला खड्डा दिसतो त्यानेच खड्ड्यावर लक्ष ठेवावं, असा विचार सभेत कुणीतरी मांडला आणि अण्णा ‘देखरेख प्रमुख’ झाले. पद बिनपगारी, पण टाळ्या भरपूर.

तसे अण्णा या कामाला जन्मजात लायक. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक. दुकानदारांची वजनं तपासायची आणि खरी असतील तर शिक्का मारायचा, यात आयुष्य गेलेलं. आजवर कुणाचं कौतुक त्यांनी मापाबाहेर केलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा वहिनींनी केलेली पोळी त्यांनी पट्टी लावून मोजली होती, असं सांगतात. ते खरं नाही. त्यांनी नुसत्या नजरेने मोजली होती. शेजारीपाजारी तोंडावर ‘अण्णा’ म्हणत आणि पाठीमागे ‘इंचपट्टी’. अण्णांना हे ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही.

जुनी इमारत पाडायची का, यावर मतदान झालं होतं. घरटी एक हात. आधी सगळ्यांनी एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिलं आणि मग बाराच्या बारा हात वर गेले. अण्णांनी हात वर करण्याआधी वहिनींकडे पाहिलं होतं. वहिनींनी मान डोलावली होती. मोरीच्या भिंतीला येणाऱ्या ओलीबद्दल वहिनी एकोणीस वर्षं कुरकुरत होत्या. बाईला एकदाची कोरडी भिंत मिळू दे, एवढ्यासाठी अण्णांचा हात वर गेला होता.

पण इमारत पडली त्या दिवसापासून वहिनी गप्प झाल्या. म्हणजे बोलत होत्या. गॅस संपला, भाजी आणा, वरच्यांचा रेडिओ फार मोठा लागतो, हे सगळं बोलत होत्या. फक्त रस्ता ओलांडून खड्ड्यापाशी एकदाही आल्या नव्हत्या.

“चला ना, सळया बांधतायत. बघण्यासारखं आहे.”

“तुम्ही बघताय ना? पुरे की.”

अण्णांनी मनाशी एक हिशेब मांडला होता. पाया उत्तम भरायचा, आणि तो भरताना वहिनींनी काठावर उभं राहून बघायचं. एवढं झालं की घर पुन्हा बोलायला लागेल. हा हिशेब त्यांनी कुणाला दाखवला नव्हता.

पाया भरण्याआधी परवानगी लागते आणि परवानगीसाठी पालिकेची खिडकी क्रमांक सात. तिथल्या कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, “अर्जदाराच्या पत्त्याचं चालू वीजबिल जोडलेलं नाही.”

“त्या पत्त्यावर आता खड्डा आहे,” अण्णा म्हणाले.

“मग खड्ड्याचं बिल आणा.”

तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा करणाऱ्याचा चेहरा अण्णा ओळखत. एकतीस वर्षं ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला होते, त्यामुळे रागावण्याचा अधिकारही त्यांना उरला नव्हता. चार खेपांनंतर लक्षात आलं की खड्ड्यातलं पाणी उपसायच्या पंपाला तात्पुरता मीटर आहे. त्याचं बिल जोडलं आणि परवानगी मिळाली. सरकारदरबारी त्या पत्त्यावर आता एकच अधिकृत रहिवासी होता, पंप. त्याला मतदानाचा हक्क द्यावा लागेल का, अशी शंका पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी पुढच्या सभेत लेखी उपस्थित केली.

सल्ल्यांची तर रीघच लागली होती. दुसऱ्या मजल्यावर अण्णांच्या शेजारी दातांचे डॉक्टर राहत. ते रोज संध्याकाळी येऊन खड्ड्यात वाकून बघायचे, जणू खड्डा ‘आ’ करून बसला आहे. “अण्णा, पाया म्हणजे दाढेचं मूळ. वरून सगळं पांढरंशुभ्र आणि आत किडलेलं, असं व्हायला नको.”

“मातीची तपासणी झाली आहे, डॉक्टर.”

“एक्स-रे काढला का?”

वकीलसाहेब डॉक्टरांच्या बरोब्बर खाली राहायचे. डॉक्टरांच्या न्हाणीघरातला एक पाइप वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात ठिबकायचा. त्यावरून दोघांचा चौदा वर्षं दावा चालू होता. इमारत पडली, पाइप भंगारात गेला, तरी दावा चालूच होता. दोघं खड्ड्याच्या काठावर आले की समोरासमोर उभे राहत, मध्ये खड्डा ठेवून.

या सगळ्यात काम मात्र पुढे सरकत होतं. ते सरकवत होती काँक्रीटवाल्यांची मुकादमबाई. पन्नाशीची बाई, डोक्याला घट्ट रुमाल, कानावर पेन्सिल आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट. पहिल्याच दिवशी अण्णांनी वहीत तिच्या नावे एक पान काढलं आणि विचारलं, “आजवर किती पाये भरलेत?”

“मोजणं तुमच्याकडे, अण्णा. भरणं माझ्याकडे,” ती म्हणाली आणि निघून गेली. पान कोरं राहिलं.

तिने सळया बांधून घेतल्या. अख्ख्या खड्ड्याच्या तळाला सळयांची जाळी, तिच्यावर दोन फुटांच्या उंचीवर दुसरी जाळी, आणि हे सगळं अडीच फूट जाडीच्या एकाच काँक्रीटच्या लादीत गाडलं जायचं. त्या लादीवर इमारत उभी राहणार. दोन सळयांमधलं अंतर बाई पट्टीने मोजत नसे. बुटाचं टोक घालून बघायची आणि ‘चालेल’ नाहीतर ‘सोड परत’ म्हणायची. अण्णा तिच्या मागोमाग पट्टी घेऊन हिंडले. चाळीस ठिकाणी मोजलं, चाळीस ठिकाणी बरोब्बर सहा इंच. एकेचाळिसाव्या ठिकाणी पावणेसहा निघाले तेव्हा अण्णांना फार हायसं वाटलं. त्यांनी ते बाईला दाखवलं. बाईने खाली पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही सळईवर उभे आहात. जरा बाजूला व्हा.”

अण्णा बाजूला झाले. सहा इंच.

त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवायला बसले. मग वहिनींना म्हणाले, “त्या बाईच्या बुटावर शिक्का मारायला हवा.” त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती वहिनींनीही कधी ऐकली नव्हती. त्यांनी भात वाढला, पण चमचा जरा आपटला.

पाया भरायच्या आठवडाभर आधी बाईने सगळ्या सभासदांना बोलावून एकच गोष्ट सांगितली. “माझ्या मालात मला माहीत नसलेला खिळासुद्धा जाणार नाही. बाहेरची वस्तू आत राहिली की तिथे पोकळी राहते, पोकळीत पाणी शिरतं आणि सळई गंजते. मग वर कितीही रंग द्या.”

अण्णांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच परिपत्रक काढलं. परिपत्रक क्रमांक चार: पायात कोणत्याही सभासदाने कोणतीही वस्तू, कितीही लहान असली तरी, ठेवू, टाकू अगर पाडू नये. बारा घरांकडून वाचल्याच्या सह्या घेतल्या. पहिली सही त्यांची स्वतःची.

आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा दुर्बीण घेऊन बाल्कनीत बसले होते. एकेक सभासद खड्ड्याकडे येत होता. डॉक्टर आले, शिडीने आत उतरले, सळयांवरून हळूहळू चालले, वाकले, बुटाची नाडी बांधली, गेले. वकीलसाहेब आले, उतरले, वाकले, नाडी बांधली, गेले. वकीलसाहेबांच्या पायात चपला होत्या, पण अण्णांच्या ते डोक्यात आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई साडी सावरत उतरल्या. एकूण अकरा घरची माणसं येऊन वाकून गेली. अण्णांचं मन भरून आलं. वहीत त्यांनी लिहिलं, ‘सभासदांची कामाविषयीची आस्था वाखाणण्याजोगी.’

मग त्यांनी वही मिटली, आत जाऊन कपाटातून काहीतरी काढलं आणि खिशात घातलं. वहिनी शिंप्याकडे गेल्या होत्या.

आता ते काय होतं, हे सांगायला हवं. जुन्या घरात दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार तिरकं होतं. वारा आला की धाडकन आपटायचं. राहायला गेले त्याच वर्षी अण्णांनी त्याच्या खाली सारायला एक पाचर केली होती. घरात दुसरं चांगलं लाकूड नव्हतं, म्हणून खात्याने दिलेली, शिक्का मारलेली लाकडी फूटपट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने कापली. साडेचार इंचांचा तुकडा. एका निरीक्षकाने खऱ्या मापाची पट्टी कापावी, हा त्यांच्या कारकिर्दीतला एकमेव गुन्हा. सव्वीस वर्षं ते रोज सकाळी पायाने ती पाचर सारत आले होते. दार पडलं, भिंत पडली, पाचर मात्र अण्णांनी मजुरांच्या पायांखालून उचलून आणली होती.

ती ते उद्याच्या पायात का ठेवू पाहत होते? हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. परिपत्रक आपल्याला लागू नाही असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना फक्त वाटलं होतं की साडेचार इंच म्हणजे काही फार नाही. अंधारून येत असताना ते खाली गेले, उजव्या कोपऱ्यात वाकले, पाचर वरच्या जाळीतून आत सोडली आणि पट्टीच्या टोकाने खालच्या जाळीच्याही खाली सरकवून आले.

घरी वहिनी आल्या होत्या. “कुठे गेला होतात?”

“नाडी बांधायला,” अण्णा म्हणाले.

सकाळी सहाला अण्णा खड्ड्यावर पोचले तेव्हा बाई चौकीदाराच्या खोलीपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर एक पत्र्याचं टेबल, आणि टेबलावर वस्तू मांडलेल्या. घंटीचं बटण. पत्रपेटीचं झाकण. फरशीचा तुकडा. खिडकीच्या गजाचं वेटोळं. भिंतीतली एक लाकडी खुंटी. कधीच पूर्ण बंद न होणारा एक नळ. पाइपाचा एक वाकडा तुकडा. एका कडीला तर निळी चिंधी गुंडाळलेली होती.

“अण्णा,” बाई शांतपणे म्हणाली, “हे काय आहे?”

“हे... परिपत्रकाचं उल्लंघन आहे.”

“पहाटे सळयांवरून एक फेरी मारते मी नेहमी. बारा निघाल्या. तुमच्या लोकांनी पाया भरायचाय की घर लावायचंय?”

तोवर सभासद जमायला लागले होते. लग्नाला यावं तसे सगळे बरे कपडे घालून आले होते. टेबल बघितल्यावर प्रत्येकाला एकाएकी आभाळाचा रंग बघावासा वाटू लागला. डॉक्टर म्हणाले, “छे छे, लोकांना काही समजतच नाही.” वकीलसाहेब म्हणाले, “चौकशी व्हायला हवी.” त्यांची नजर मात्र त्या वाकड्या पाइपावरून हलत नव्हती. ज्या तुकड्यातून चौदा वर्षं ठिबकत होतं, तोच तो तुकडा.

“घरं बारा, वस्तू बारा,” गाण्याच्या बाई हळूच म्हणाल्या. “म्हणजे सगळं निघालं. आता विषय नको.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एकट्या अण्णांनी सोडला नाही. टेबलावर पाचर नव्हती.

म्हणजे बाराही वस्तू इतर अकरा घरांच्या. कुणीतरी दोन ठेवल्या होत्या! अण्णांना आधी रागच आला, आपण एक ठेवली आणि लोक दोन-दोन ठेवतात. मग ते भानावर आले. पाचर अजून आत होती. साडेसातला पालिकेचा इंजिनिअर तपासायला येणार होता. त्याने सही केली नाही तर काँक्रीट ओतणाऱ्या पंपाची गाडी परत जाणार, आणि पंप पुन्हा मिळणार तीन आठवड्यांनी. तेवढ्या दिवसांत सळया गंजणार, पुढे सगळंच लांबणार, आणि वहिनींना त्या फळकुटाच्या स्वयंपाकघरात आणखी एक वर्ष काढावं लागणार.

‘आत माझीही एक आहे,’ एवढंच बोलायचं होतं. चार शब्द. अण्णांनी ते जिभेवर आणले, आणि तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “बरं झालं, आपले अण्णा तरी नियमाचे पक्के आहेत.” शब्द परत गेले.

“अंतरं एकदा शेवटची बघून घेतो,” असं म्हणून अण्णा पट्टी घेऊन आत उतरले. उजव्या कोपऱ्यात गेले. वरच्या जाळीवर पालथे पडले आणि हात आत घातला. बोटं पोचेनात. आणखी घातला. खांद्यापर्यंत गेला. मग बाही बांधणीच्या तारेत अडकली आणि देखरेख प्रमुख सर्व सभासदांसमोर वीतभरही हलू शकेनासे झाले.

“काय मोजताय?” काठावरून वकीलसाहेब.

“खोली,” अण्णा सळयांना म्हणाले.

बाईने येऊन पक्कडीने तार सोडवली. तिने अण्णांच्या बाहीकडे, मग कोपऱ्याकडे आणि पुन्हा अण्णांकडे पाहिलं. तेवढ्यात इंजिनिअर आला.

तिशीचा, सभ्य, पायात कोरे करकरीत बूट. नकाशा उघडून त्याने सगळं रीतीने तपासलं आणि उजव्या कोपऱ्यात आल्यावर त्याचा पाय दोन सळयांमधून खाली गेला. अडकला. बाई म्हणाली, “ओढू नका, बूट सोडा.” त्याने वाकून नाडी सोडली, पाय काढला, मग बूट काढायला हात घातला आणि बुटाबरोबर वर आली पाचर.

त्याने ती उजेडात धरली. एका बाजूला निमुळती, दुसऱ्या बाजूला स्पष्ट खुणा: एक, दोन, तीन, चार, आणि शेवटची अर्धी.

“हे काय?”

अख्ख्या इमारतीत इंच मोजणारा माणूस एकच होता. सगळ्यांनी एकदम पाचरीकडे पाहिलं आणि एकदम दुसरीकडे पाहिलं. एकानेही अण्णांकडे पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यातच सगळं आलं. अण्णांना वाटत होतं, कुणाला कळलेलं नाही.

“एक निघाली म्हणजे आणखी असतील,” इंजिनिअर म्हणाला. “आत काही उरलेलं नाही, असं कुणी जबाबदारीने लिहून देणार असेल तर सही करतो. नाहीतर आज काम होणार नाही. मला माफ करा.”

फाटकाबाहेर पंपाची गाडी घुरघुरत होती. तिच्या मागे पहिली काँक्रीटची गाडी येऊन उभी राहिली होती. पोटातलं पिंप फिरत होतं. ते फिरणं किती वेळ चालेल यालाही मोजमाप असतं. दोन तासांत माल ओतला नाही तर फेकावा लागतो.

“मी लिहून देतो,” अण्णा म्हणाले.

“कशावरून देणार?”

अण्णांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. “पहाटे बारा काढल्या. ही तेरावी. आता काही नाही. कारण ही माझी आहे, आणि ती निघेपर्यंत मी मोजत होतो.”

आता भूकंप होणार असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टर नुसते म्हणाले, “अहो, ते दिसतंच आहे की.” गाण्याच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. वकीलसाहेब म्हणाले, “अण्णा, पुढल्या वेळी खुणा तासून टाका.”

अण्णांना हे फार लागलं. गुन्हा कबूल करायला माणसाने काळीज घट्ट करावं आणि तो आधीच सगळ्यांना ठाऊक निघावा! पण त्यांनी लिहून दिलं, स्वच्छ अक्षरात, तीन प्रतींत. सही करताना इंजिनिअर पुटपुटला, “माझ्या आजवरच्या कामात हे एवढं एकच लिहून दिलेलं खरं वाटलं.”

आठ वाजून पाच मिनिटांनी पहिला माल पडला.

त्या दिवशी बाईने जे केलं ते पाहायला अख्खं शहर यायला हवं होतं. पंपाची लांब सोंड खड्ड्यावर वाकली होती आणि तिच्या तोंडापाशी चार माणसं, पण सगळं चाललं होतं बाईच्या भुवयांवर. एक भुवई वर, सोंड डावीकडे. दोन्ही वर, थांबा. माल पडला की माणसं त्यात हादरे देणारी नळी बुडवत. बाई खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी असायची आणि तिथूनच ओरडायची, “काढ आता! आवाज बदलला, ऐकू येत नाही?” अण्णांनी कान टवकारले. तिसऱ्या गाडीनंतर त्यांनाही ऐकू आलं. काँक्रीट बसलं की नळीचा घरघराट बारीक होतो, एखादं माणूस पोटभर जेवून सुस्कारा सोडतं तसा.

प्रत्येक गाडीतला थोडा माल बाई एका पत्र्याच्या शंकूत भरायची आणि शंकू उचलून घ्यायची. ढीग किती खाली बसतो, त्यावरून मालात पाणी किती ते कळतं. बाई बघून सांगायची, अण्णा पट्टी लावायचे.

“अकरा.”

अण्णा मोजत. “अकरा सेंटीमीटर.”

“साडेदहा.”

“साडेदहा.”

सतराव्या गाडीला ती म्हणाली, “हा एकोणीसला बसतोय. पाणी ओतलंय वाटेत. गाडी परत.” ड्रायव्हर भांडायला उतरला. अण्णांनी पट्टी लावून दाखवली आणि एकतीस वर्षांच्या आवाजात म्हणाले, “एकोणीस.” ड्रायव्हर गाडीत बसला.

पण गाडी परत गेली आणि पुढची यायला उशीर होता. तिकडे पडलेला माल आळायला लागतो. त्यावर नवा माल नीट धरत नाही, सांधा राहतो, आणि सांधा राहिलेला पाया बाईच्या लेखी पायाच नव्हता. थोडासा माल पंपात शिल्लक होता. तो आता कुठे टाकायचा, हा प्रश्न होता. बाईने पहिल्यांदा आवाज चढवला.

“अण्णा! सगळ्यात जुनी कड कुठली?”

अण्णांच्या वहीत प्रत्येक गाडी, प्रत्येक कोपरा, प्रत्येक मिनिट होतं. त्याबद्दल सकाळपासून तीन जण हसून गेले होते. “डावा मागचा कोपरा. अकरा बावीस. त्यानंतर मधली पट्टी, अकरा चाळीस.”

“सोंड डावीकडे!” बाई ओरडली. उरलेला माल त्या कडेवर पातळ पसरला, नळ्या बुडाल्या, कड जिवंत राहिली, आणि बारा वाजून तीन मिनिटांनी अठरावी गाडी फाटकातून आत आली. काठावर डॉक्टर आणि वकीलसाहेब एकाच बाजूला उभे होते आणि दोघंही एकाच वेळी टाळ्या वाजवत होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

बाई अण्णांच्या शेजारून जाताना म्हणाली, “तुमची वही बरी आहे.”

अण्णांनी समोरच्या बाल्कनीकडे पाहिलं. बाल्कनी रिकामी होती.

चार वाजता शेवटची, बत्तिसावी गाडी रिकामी झाली. खड्ड्याच्या जागी आता एक सपाट, ओलसर, राखाडी चौकोन होता, इतका गुळगुळीत की त्यावर आभाळ उतरलेलं दिसत होतं. इतकी सुंदर गोष्ट पुढे कायमची झाकली जाणार, कुणाला दिसणार नाही, आणि तरी ती एवढ्या निगुतीने करायची, याचं अण्णांना राहून राहून नवल वाटत होतं.

पंपाच्या टाकीत आणि पाइपात शेवटी थोडा माल उरतोच. बाई तो फेकू देत नसे. फाटकापाशी सावलीत तिने चार फळ्यांचा साचा आधीच ठोकून ठेवला होता. उरलेला माल त्यात पडला आणि थापीने सपाट झाला. बसायचा एक बाक.

“मी भरलेल्या प्रत्येक पायाजवळ एक बाक असतो,” ती म्हणाली. मग टेबलाकडे हात केला. “आणा ती तुमची दुकानदारी. पायात नाही म्हणाले होते मी. बाकावर बसवायला माझी ना नाही. वरून, दिसेल अशी. ज्याची त्याने दाबा, आणि लवकर.”

गाण्याच्या बाईंनी खुंटी उचलली. त्यांच्या मागून सगळे. डॉक्टरांनी नळ घेतला. वकीलसाहेबांनी तो वाकडा पाइप दोन्ही हातांनी उचलला, डॉक्टरांकडे न बघता म्हणाले, “पुरावा आहे,” आणि नळाच्या तोंडाखाली बरोब्बर बसवला. अण्णांनी पाचर दाबली, खुणा वर ठेवून.

टेबलावर एकच वस्तू उरली. निळी चिंधी गुंडाळलेली कडी.

“ही दोन ठेवणाऱ्याची!” वकीलसाहेब म्हणाले. “आता कळेल. ही कुणाची?”

“असल्या कड्या आपल्या प्रत्येक दाराला होत्या,” अण्णा म्हणाले. “पण ही चिंधी बघा. कुणाच्या घरचं गबाळं काम आहे कोण जाणे.”

“माझ्या.”

अण्णा वळले. फाटकात वहिनी उभ्या होत्या. घरातल्याच साडीवर, हात पिठाचे. त्या कधी रस्ता ओलांडून आल्या कुणाला कळलं नव्हतं.

“तुमच्या?” अण्णा म्हणाले. “आपल्या? कुठली?”

“स्वयंपाकघराच्या दाराची. आतल्या बाजूची. काल शिंप्याकडून येताना ठेवली, तुम्ही दुर्बीण ठेवून आत गेलात तेव्हा.” वहिनींनी कडी उचलली. “लोखंडाची धार हाताला लागायची, म्हणून चिंधी बांधली होती. सव्वीस वर्षं होती तिथे. तुम्ही बाहेरून पाचर सारायचात, मी आतून कडी घालायचे. तुम्ही आत आला असतात कधी, तर दिसली असती.”

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, तरी कुणी हसलं नाही.

वहिनी बाकापाशी वाकल्या. पाचरीच्या शेजारी त्यांनी कडी ठेवली आणि अंगठ्याने हळूहळू आत दाबली. मग उजवीकडच्या त्या मोठ्या चकचकीत चौकोनाकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता.

“छान झालंय हो,” त्या म्हणाल्या. “खरंच छान झालंय.”

अण्णा एक पाऊल पुढे आले. “मग? आता तुम्हाला कोरडी भिंत मिळेल. एकोणीस वर्षं म्हणत होतात.”

वहिनींनी अंगठ्याला लागलेलं काँक्रीट पदराला पुसलं. आजूबाजूला अकरा घरची माणसं उभी होती. प्रत्येकाची बोटं राखाडी झालेली, आणि प्रत्येकजण बाकावरच्या आपापल्या वस्तूकडे बघत होता.

“ओल म्हणजे ओल,” वहिनी म्हणाल्या. “कुरकुरायला काहीतरी लागतंच की माणसाला. त्या दिवशी सभेत तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मला वाटलं तुम्हाला हवंय, म्हणून मी मान हलवली. मला ते घर पाडायचं नव्हतं.”